धुतलेला पाट

१

निवृत्त माणसाला काही काम नसतं, असं लोकांनी आपसात ठरवून टाकलंय. उल्हासनगरच्या कोर्टात मी एकतीस वर्षं काढली, शेवटची सात शिरस्तेदार म्हणून. आता बदलापूरला, कात्रपच्या दोन खोल्यांत गुडघ्याला तेल लावत बसते, तरी गावातली प्रत्येक नोटीस फिरून माझ्याच दारात येते. भाडेकरू हलत नाही, शेजाऱ्यानं भिंत पुढे घेतली, शीलाताई जरा बघता का. बघते. नाही म्हणायलासुद्धा अंगात दम लागतो.

त्या मंगळवारी सकाळी भगवंत म्हात्रे आला. बदलापूर गावात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचा गणपतीचा कारखाना आहे. चतुर्थी आठ दिवसांवर आलेली. या दिवसांत हा माणूस जेवायलाही उठत नाही, आणि तो माझ्या दारात चपला हातात घेऊन उभा.

"ताई, भोईरांचा गणपती गेला."

"गेला म्हणजे?"

"पाट आहे. पाटावर गणपती नाही."

आमच्याकडच्या जुन्या घरांची रीत अशी, की गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला घरचा पाट कारखान्यात नेऊन ठेवायचा, वर पानाचा विडा ठेवायचा आणि 'नेहमीसारखा' एवढं म्हणून परत यायचं. मूर्ती त्या पाटावरच घडते, पाटावरच वाळते आणि पाटासकट घरी येते. जांभूळ गावच्या भोईरांचा पाट तीन पिढ्या म्हात्रेंकडे जातोय. सध्याचा आनंदा भोईर अंबरनाथला एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि आईला घेऊन कात्रपलाच राहतो, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून.

"रविवारी दुपारी मी रंग आणायला बाहेर होतो, सोमवारी सकाळी बघितलं," भगवंत सांगत होता. "मीच आनंदाला फोन केला. लपवायचं कशाला? तो अर्ध्या तासात आला आणि पाटाकडे न बघताच सगळ्या कामगारांसमोर ओरडला, चोरी झाली, विठाबाईनं केली. किल्ल्या दोघांकडेच असतात ना, मी आणि ती."

"विठाबाई काय म्हणते?"

"म्हणते, चोरी मी नाय केली. मूर्ती चतुर्थीला मिळेल. पुढचं विचारू नका." भगवंत भिंतीला टेकला. "तीस वर्षं आहे ती माझ्याकडे. पण आनंदा उद्या संध्याकाळी पोलिसात जाणार. ऐन सीझनला दारात पोलीस आले तर लोक आपापले पाट उचलून नेतील. मला तिला काढावंच लागेल, ताई. आणि चोर म्हणून काढलेल्या बाईला दुसरा कोण ठेवणार?"

मी तेलाची बाटली बंद केली. झालं, आजचा दिवसही गेला.

२

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत शाडू मातीचा थंड वास आणि फळ्यांवर ओळीनं बसलेले गणपती. दाराबाहेर चपलांचा ढीग, कारण आत कोणी चप्पल नेत नाही.

भगवंतानं पाट कपाटात कुलूप लावून ठेवला होता. "पुरावा म्हणून," तो म्हणाला. पाट बाहेर काढला तेव्हा मी तो खिडकीशी नेऊन नीट पाहिला. सागवानी, कडेला कोरीव वेल. वेलाच्या खाचांतसुद्धा मातीचा कण नव्हता. काथ्यानं घासून धुतला होता.

"मूर्ती किती झाली होती?"

"रंग पूर्ण झाला होता. फक्त डोळे राहिले होते, ते विठाबाई शेवटी काढते."

"म्हणजे पूर्ण वाळलेली."

"तर. वाळल्याशिवाय रंग कसा लावणार?"

"वाळलेला शाडू पाटावरून सुटा होतो का?"

भगवंत माझ्याकडे बघत राहिला. "नाही. चिकटलेला असतो. ओला असताना तारेनं कापता येतो. वाळल्यावर ओढला तर फुटणार."

तेवढ्यात त्याचा मुलगा कल्पेश आला, हातात पावतीपुस्तकाचा गठ्ठा. पंचविशीचा पोरगा, हुशार आहे, पण जीभ फार सैल. "काकी, मी पप्पांना बोललो होतो, आता जमाना पावतीचा आहे. बघा, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून छापून आणल्या. रविवारी दुपारभर तिकडेच बसलो होतो."

मी पावती वाचली. वर गणपतीचं चित्र, खाली नियम. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. धुतल्यावर रंग गेल्यास तक्रार चालणार नाही. साइज बदलून मिळेल, बिल आवश्यक.

"कल्पेश, ही जीन्सच्या दुकानाची पावती आहे."

"हां, तो प्रेसवाला सिंधी शेठ बोलला, फॉरमॅट रेडी आहे, फोटो चेंज करतो. सस्ते में हो गया."

"गणपती धुतल्यावर रंग गेल्यास तक्रार चालणार नाही?"

भगवंतानं डोक्याला हात लावला. त्या सकाळी मला हसू आलं ते तेवढंच.

"पण काकी, लीगली बघा ना," कल्पेश हटेना. "मूर्ती फुटली, हरवली, तर आम्ही जबाबदार, असं कुठे लिहिलंय? लिहिलं नाही तर बांधील नाही. सिंपल."

कोर्टात हे वाक्य मी किती वकिलांच्या तोंडून ऐकलं असेल, देव जाणे. "करार कायद्याचं नववं कलम आहे," मी म्हटलं. "शब्दांत दिलेलं वचन हे वचनच, आणि शब्दांशिवाय दिलेलंही वचनच. तू पाट घेतलास, विडा घेतलास, त्यातच अर्धा करार झाला. उरलेला अर्धा तुमच्या धंद्याच्या रीतीनं भरला. असं समज, भोईर पाट ठेवत असताना कोणी तिसऱ्यानं मध्येच विचारलं असतं, मूर्ती इथेच फुटली तर? तुझे आजोबा काय म्हणाले असते?"

भगवंतच बोलला. "म्हणाले असते, हे काय विचारणं झालं? दुसरी करून देऊ."

"आणि भोईरही तेच म्हणाले असते. दोघांनी न बोलता धरूनच चाललं होतं, म्हणून लिहिलं नाही. असं जे असतं ते करारात असतंच."

कल्पेश पावतीपुस्तकांचा गठ्ठा बांधायला लागला. माझा गुडघा उभं राहून ठणकायला लागला होता. जेवणाची सुट्टी झाली, कामगार बाहेर पडले, मी दाराच्या पायरीवर बसले. चपलांचा ढीग बघता बघता संपला. एक जोड मात्र तिथेच राहिला. निळी रबरी चप्पल, लहान पावलांची, तुटलेला पट्टा पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला.

"ही कोणाची?"

भगवंत म्हणाला, "काय माहीत. आत तर कोणी नाही."

३

मूर्ती चोरणारा ती पाटासकट उचलतो. पाट मागे राहिला म्हणजे मूर्ती अख्खी बाहेर गेलीच नाही. ती इथे फुटली. आणि जो फोडून पळतो तो पाट धूत बसत नाही. त्यावर पुन्हा मूर्ती बसवायची असलेला माणूसच धुतो. इथपर्यंत मी रिक्षात बसेपर्यंत आले होते, आणि खरं सांगते, मला काही आनंद वाटला नाही. कारण हे सगळं एकाच बाईकडे जात होतं.

फोन वाजला. कल्पेश. "काकी, सापडली. विठामावशीच्या घरी. मी स्वतः खिडकीतून बघितली, फडक्याखाली झाकलीय. आनंदाभाऊला पण फोन टाकू का?"

"कोणाला काही टाकू नकोस. मी येईपर्यंत तिथेच थांब."

विठाबाईची खोली कारखान्याच्या मागच्या आळीत. मी पोचले तेव्हा दारात चार शेजारणी जमलेल्या आणि विठाबाई खोलीच्या मध्यभागी पाटासारख्या साध्या फळीसमोर बसलेली. साठीची, वाळकी, कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले. फळीवर ओल्या फडक्याखाली काहीतरी होतं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "ओली हाय."

मी फडकं जरासं उचललं. गणपती होता, पण रंगाचा ठिपका नाही, आणि माती बोट लावलं असतं तर दबली असती. कल्पेश माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला मी म्हटलं, "आपला रंगवलेला होता ना? बघून घे आणि बाहेर जा. जाताना या बायकांनाही घेऊन जा."

दार लागल्यावर मी तिच्यासमोर खाली बसले. उठताना काय होणार ते माहीत होतं, तरी बसले.

"पाट भगवंताच्या कपाटात अडकला, म्हणून फळीवर करतेस."

तिनं मान हलवली. "सोमवारी पाटावरच बसवणार होते. भगवंतदादा लवकर आला."

"तुकडे?"

"रविवारीच नदीला सोडले."

"कोणी पाडली?"

ती माती पाण्यात कालवत राहिली. मी थांबले. मग ती म्हणाली, "बाय, तू कोर्टातली. तुला येक सांगते. कारखान्यात मूर्तीला काय झालं ते घरच्यांना सांगायचं नसतं. त्यांच्या मनाला लागतं. आम्ही दुसरी करतो, डोळे काढतो, देतो. माझ्या सासऱ्यानं तसंच केलं."

"पण ते तुला चोर म्हणतायत."

"म्हणू दे."

मी चिडले. थकलेल्या माणसाला राग लवकर येतो. "भगवंतला तरी सांग. तू याआधी दोनदा मूर्ती फोडलीस आणि दोन्ही वेळा त्याला येऊन सांगितलंस, त्यानंच मला सांगितलं. कल्पेशनं फोडली असती तर तू त्याला रस्त्यात उभं करून झापलं असतंस. यावेळी तोंड शिवून बसलीस म्हणजे ज्यानं पाडली त्याला तुझ्यापेक्षा जास्त भीती आहे. कोण आहे ते?"

"मी शब्द दिलाय," विठाबाई म्हणाली. "चोर म्हणून काढलं तरी चालेल. तू जा आता. मला सोंड करायची हाय."

४

आनंदा भोईरचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर थांबून मी जगातल्या सगळ्या बिल्डरांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

दार आनंदानं उघडलं. पन्नाशीला टेकलेला, डोळ्यांखाली काळं आलेलं. कंपनीतून रजा घेतली होती म्हणे. "शीलाताई, तुम्ही भगवंतकडून आलात ना? मी ऐकणार नाही. उद्या तक्रार देतोय."

"पाणी तरी देशील?"

तो आत गेला. दाराशी चपलांची मांडणी होती. त्यात एक रबरी जोड नवाकोरा, लहान पावलांचा. एक चप्पल उलटी पडली होती आणि तळव्यावर किमतीचा कागद अजून चिकटलेला. त्या चपला घालून कोणी दाराबाहेर पाऊल टाकलेलं दिसत नव्हतं.

खिडकीशी खाटेवर त्याची आई बसली होती, रखमाबाई, ब्याऐंशी वर्षांची. पूर्वी भाजी घेऊन माझ्या दारावरून जायची, तेव्हा तिच्या हाकेनं अख्खी गल्ली जागी व्हायची. आता ती माझ्याकडे बघत होती आणि ओळख लागत नव्हती.

"कोन गो?"

"मी शीला. गायकरांची. कोर्टात होते ती."

तिचे दोन्ही हात पदरात गेले. "कोर्टातली? मला न्यायला आलीस?"

"कुठं न्यायला?"

"आश्रमात. माझा मोठा, सुयोग, बोलला फोनवर, आता आई काय चुकली तर आश्रमात." ती घाईनं म्हणाली, "मी काय नाय केला. मी तर देवाला बघायला गेलेली. तो घरी येत नव्हता ना."

आनंदा पाण्याचा पेला घेऊन दारात थबकला होता. "आई, तू पड जरा," तो म्हणाला. "ताई, ती काहीही बोलते हल्ली. तिला महिना-वार कळत नाही."

"कळतंय मला," मी म्हटलं. "चल, जिन्यात ये."

माझ्या आवाजात कोर्टातला आवाज आला असावा, कारण तो मुकाट्यानं आला.

५

जिन्याच्या पायरीवर मी बसले, तो उभा राहिला.

"रविवारी दुपारी तुझी आई एकटी रिक्षानं कारखान्यात गेली," मी सुरुवात केली. "तिला वाटलं, चतुर्थी होऊन गेली आणि गणपती आलाच नाही. कामगार जेवायला गेलेले, भगवंत आणि कल्पेश बाहेर, विठाबाई एकटी आत. आईनं मूर्ती उचलायला बघितली, ती पडली, आई घाबरली आणि चपला तिथेच टाकून अनवाणी निघाली. निळ्या चपला, शिवलेला पट्टा. अजून तिथेच आहेत. विठाबाईनं तिला शब्द दिला, कोणाला सांगणार नाही."

आनंदानं जिन्याच्या कठड्याला हात टेकवला.

"आता तुझं. आईला नव्या चपला कोणी आणल्या?"

"मी."

"कधी?"

त्यानं घराच्या दाराकडे बघितलं.

"मुलानं आईला नव्या चपला आणल्या तर तो आधी विचारतो, जुन्या कुठे गेल्या. तू विचारलं नाहीस, कारण तुला माहीत होतं. भगवंतचा फोन आल्यावर तू आलास आणि पाटाकडे बघितलंही नाहीस. पाटावर काय आहे, काय नाही, ते तुला आधीच माहीत होतं. चोरी झाली नाही हे तुला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं, आनंदा."

तो खाली बसला, माझ्या एक पायरी खाली.

"ती आली तेव्हा पायांना शाडू लागला होता," तो म्हणाला. "आणि पदराला गुलाबी रंग. रिक्षावाल्यानं सोडली. ती रडत होती, म्हणाली, देव माझ्या हातून गेला. मी पाय धुतले तिचे." त्यानं नाक पुसलं. "गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून ती खाली निघून गेली होती. तेव्हा दादा पुण्याहून आला आणि आमचं ठरलं. पुन्हा असं काही झालं तर तिला आश्रमात ठेवायचं. दादानं फॉर्मपण भरून घेतला माझ्याकडून. दरवर्षी तो सात दिवस आधी मूर्तीचा फोटो मागतो. मूर्ती का नाही, हे विचारलं असतं त्यानं. मला दुसरं काही सुचलं नाही."

"विठाबाई सुचली."

"मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती लपवली नाही. "आईला सांभाळायचं तू मनात धरलंस. चांगलं केलंस. पण ते तुझं होतं, आनंदा, त्याची भरपाई त्या बाईच्या नावातून कशी काय केलीस? तिनं तुझ्या आईला शब्द दिला आणि चौघांत चोर म्हणवून घेतलं तरी मोडला नाही. तुझ्या आईचं गुपित तुम्ही दोघंही राखत होतात. फरक एवढाच, की ती स्वतःच्या खर्चानं राखत होती आणि तूही तिच्याच खर्चानं."

त्यानं चेहरा हातांत घेतला. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

"तू उद्या काहीच केलं नाहीस तरी चालेल," मी उठता उठता म्हटलं. "मूर्ती कारखान्यात फुटली, तुझ्या घरी पोचेपर्यंत जोखीम भगवंतची, दुसरी तो देणार. तेवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेईन आणि कोणाचं नाव निघणार नाही. पण मग विठाबाई चोर नव्हती हेही कोणी म्हणणार नाही. लोक म्हणतील, मिटवलं. तुला काय ते ठरव."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी कारखान्यात पोचले. आनंदा येईल अशी मला खात्री नव्हती. एकतीस वर्षांत माणसं ऐन वेळी फिरताना इतकी पाहिलीत, की मी आशा करणंच सोडलंय.

तो आला. बरोबर आईला घेऊन आला, नव्या चपला घालून. भगवंत, कल्पेश आणि सहा कामगार हातातली कामं टाकून उभे राहिले. विठाबाई मागे भिंतीशी होती. भगवंतानं तिला आत येऊ दिलं होतं, पण ब्रश दिला नव्हता.

"मूर्ती चोरीला गेली नव्हती," आनंदा म्हणाला. आवाज शेवटच्या कामगारापर्यंत पोचला. "आईच्या हातून पडली. मला रविवारीच कळलं होतं. तरी मी विठामावशीला चोर म्हणालो. मी खोटं बोललो."

रखमाबाई विठाबाईकडे बघून म्हणाली, "तू सांगितलास गो?"

"नाय, आजी," विठाबाई म्हणाली. "मी कोनालाच नाय सांगितला."

"मला कोणी सांगावं लागलं नाही, आई," आनंदा म्हणाला. मग तो विठाबाईच्या पायाशी वाकला. तिनं पाय मागे घेतले.

"पाया नको पडू," ती म्हणाली. "दोन रात्री झोपले नाय मी. आळीतली पोरं मला बघून बाजूला झाली. ते तुझ्या वाकण्यानं जात नाय." तिचे डोळे भरले होते, ते तिनं मातीच्या हातानं पुसले. "मूर्ती देईन. आजीसाठी देईन."

भगवंतानं कपाट उघडलं, पाट काढला आणि स्वतः नेऊन तिच्यासमोर ठेवला. "चुकलो मीही," एवढंच म्हणाला. कल्पेशनं पावतीपुस्तकाचा गठ्ठा पायानं हळूच फळीखाली सरकवला.

त्याच वेळी आनंदाचा फोन वाजला. सुयोग, पुण्याहून. फोटो हवा होता. आनंदा बाहेर जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. तिथेच, सगळ्यांत उभा राहून त्यानं फोन घेतला आणि मूर्ती आईच्या हातून कशी फुटली ते सरळ सांगितलं. शेडमध्ये आवाज नव्हता, त्यामुळे पलीकडचं बोलणं ऐकू येत होतं. आपलं ठरलं होतं, सुयोग म्हणत होता. तू सही केली आहेस.

"हो, केली," आनंदा म्हणाला. "ते ठरलेलं मी मोडतोय. आई माझ्याकडेच राहील."

मग सुयोग म्हणाला, "नंतर माझ्या नावानं बोंब मारायची नाही. तुझ्याकडेच राहील, शेवटपर्यंत, असं मला लिहून दे."

आनंदानं आईकडे पाहिलं. ती विठाबाईजवळ सरकून बसली होती आणि तिचा मातीचा हात आपल्या पदरानं पुसत होती.

"आईला सांभाळायचं लिहून देतात का, दादा?" तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.